खिळा रिकामा होता

भुताखेतांवरून गावच्या मंडळींची मी यथेच्छ टिंगल करायचो. कोणी गावाची राखण करणारा देवचार दिसला म्हणालं की विचारायचो, "काय पिऊन आला होतास?" त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण लिहितो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. मुलुंडला एका फॉस्फोरिक ॲसिडच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो. फॉस्फेटच्या दगडाची पूड टाकीत सल्फ्युरिक ॲसिडबरोबर घुसळायची, की फॉस्फोरिक ॲसिड तयार. सोबत जिप्सम निघतो, आणि तो टाकीच्या भिंतींना असा घट्ट धरतो की अधूनमधून टाकी रिकामी करून, आत उतरून छिन्नीने फोडावा लागतो. आत जाताना आपला पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. खिळा रिकामा असेल तरच ॲसिड सोडायचं, हा नियम.

त्या दुपारी मी आणि साताऱ्याकडचा शंकर आत होतो. काम उरकलं. "तू हो म्होरं, आलोच मी," शंकर म्हणाला. मी वर आलो. आलोच म्हणाला होता, म्हणून माझ्याबरोबर त्याचाही बिल्ला काढला – तेवढीच दोस्ती. दोन्ही खिशात टाकले आणि हातपाय धुवायला नळावर गेलो.

परत आलो तर खिळा रिकामा बघून कोणीतरी झाकण बसवलेलं. शंकर कॅन्टीनला गेला असेल, असं मी धरून चाललो.

"खिळा रिकामा आहे ना?" सुपरवायझर खालून ओरडला. "मग सोड ना यार, आधीच उशीर झालाय!"

मी व्हॉल्व्हला हात घातला. तेवढ्यात डाव्या कानाशी कोणीतरी शांतपणे विचारलं, "रे, तुझो जोडीदार खंय?"

डावीकडे नुसती भिंत! आणि त्या शिफ्टला मालवणी बोलणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता. मी व्हॉल्व्हवरचा हात काढला. "झाकण उघडा!" एवढंच ओरडलो.

शंकर तळाशी बेशुद्ध पडला होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्याला विचारलं, हाक मारलीस का? "न्हाय रं. चक्कर आली, फुडचं कायच ठावं न्हाय."

शंकर आता नातवंडांत रमलाय. दरवर्षी गुळाची ढेप पाठवतो, भेटेल त्याला सांगतो की ह्यानं माझा जीव वाचवला. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याचा बिल्ला कोणी काढला होता, हे जगात दोघांनाच माहीत आहे – मला, आणि ज्याने विचारलं त्याला. तो कोण, ते अजून कळलेलं नाही.