अप्पांच्या कानातला ढब्बू

ढब्बू आमच्या वर्गात कसा आला आणि पास होऊन बाहेर कसा पडला, हे त्या विद्यापीठालाच ठाऊक. फिजिक्ससारखा विषय, आणि हा पठ्ठ्या मागच्या बाकावर बसून पेनातल्या स्प्रिंगा उडवायचा. प्रॅक्टिकलला माझ्या शेजारचं टेबल त्याचं. माझं रीडिंग बघायचं, त्यात चिमूटभर फरक करायचा आणि स्वतःचं म्हणून लिहून टाकायचं. जर्नलं तर सगळी माझीच उतरवलेली. मी वर्गात पहिला, तो काठावर पास. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटायचं की मीच मागच्या बाकावर होतो.

डिग्री हातात पडली आणि आमचा वर्ग चारी दिशांना पांगला. एकजण विमा विकायला लागला, एकीने केकचं दुकान थाटलं, आणि जन्मभर संशोधनच करणार म्हणून शपथा घेणारा एक महाभाग सासऱ्याच्या टाइल्सच्या गोदामात जाऊन बसला. मी मात्र विषय सोडला नाही. वीज कंपनीच्या मीटर तपासणीच्या खोलीत लागलो, अजून तिथेच आहे. बिल फार येतं, मीटर पळतं, अशी कुणी तक्रार केली की ते मीटर भिंतीवरून उतरून माझ्या टेबलावर येतं. मी त्याला लोड लावतो, आमच्या खात्रीच्या मीटरबरोबर चालवून बघतो. बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. तसं सांगितलं की माणूस माझ्यावरच डाफरतो. इतक्या वर्षांत कुणी आभार मानल्याचं काही आठवत नाही.

आणि ढब्बू? त्याला कुणी दारात उभं करीना. शेवटी मामाच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात शिरला. लग्नांत, सभांत वायरी ओढायचा, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करायचा. त्या काळात तो रस्त्यात भेटला की मी आवर्जून थांबायचो, खांद्यावर हात टाकून चौकशी करायचो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. पुढे एका चष्मेवाल्याने त्याला अर्धं काउंटर भाड्याने दिलं आणि हा तिथे कानाची मशीनं विकायला बसला. मधेच कुठलासा कोर्स करून आला. अर्ध्या काउंटरचं अख्खं दुकान कधी झालं कळलंच नाही. आता काचेचा दरवाजा, आत गार हवा, चाचणीसाठी आतून फोम लावलेली वेगळी खोली, आणि बाकावर बसलेली म्हातारी माणसं, सगळी त्याच्याकडे डोळे लावून. तो बाहेर आला की त्यांचे चेहरे फुलतात. मी कुठे गेलो म्हणून कुणाचा चेहरा फुललाय, सांगा बघू!

पोटात दुखतं, हो. दुखतं तर दुखतं.

तेवढ्यावर निभावलं असतं, पण अप्पांचे कान गेले. अप्पा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य छापखान्यात काढलं, तिथल्या खडखडाटाने कान पोखरत आणले. आधी घरातला टीव्ही मोठा झाला, मग आम्ही मोठ्याने बोलायला लागलो, मग अप्पांनी बोलणंच सोडून दिलं. बसायचे आपले खिडकीपाशी, आमच्या तोंडांकडे बघत.

"ढब्बू भावजींकडे नेऊ या का?" बायको म्हणाली.

"का? शहरातली बाकीची दुकानं ओस पडली?" मी म्हणालो, आणि दुसरीकडून मशीन आणलं. ते कानात घातलं की शिट्टी मारायचं. अप्पांनी दोन दिवस सोसलं आणि ते मोज्यांच्या खणात टाकून दिलं.

एक दिवस मी कामावर असताना बायको त्यांना गुपचूप ढब्बूकडे घेऊन गेली. संध्याकाळी घरी आलो, तर अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अरे, हा नळ गळतोय," म्हणाले. "कधीपासून गळतोय?" त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मशीन कुणाचं ते कळलं आणि आलेलं पाणी जिथल्या तिथे आटलं.

ढब्बूची म्हणे एक पद्धत आहे. त्याच्याकडे नुसतं पिंपिं ऐकवून भागत नाही. तो विचारतो, "तुम्हाला सगळ्यात जास्त कुणाचा आवाज ऐकायचाय? त्या माणसाला सोबत आणा." मग त्या माणसाला पेशंटच्या पाठीमागे उभं करून वर्तमानपत्र वाचायला लावतो. ऐकणाऱ्याने शब्द परत म्हणायचे, आणि ते ऐकत ऐकत हा कॉम्प्युटरवर मशीन जुळवणार.

"अप्पा म्हणाले, मुलाचा आवाज," बायकोने सांगितलं. "भावजींनी तुम्हाला फोन लावला होता."

लावला होता खरा. मी स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. कामात होतो. मग काय, माझ्याऐवजी बायकोने उभं राहून वाचलं.

तिथून पुढे अप्पांना दर आठवड्याला ढब्बूचं दुकान लागायला लागलं. आधी मशीन सारखं करायला, मग उगाचच. घरी आले की "ढब्बू असं म्हणाला", "ढब्बूने आज हसवून मारलं". माझा बाप, आणि हसवून मारतोय ढब्बू! हेही मी गिळलं असतं. पण संध्याकाळी मी कामावरून यायचो, हातपाय धुऊन अप्पांच्या समोर खुर्ची ओढायचो, बोलायला सुरुवात करायचो, आणि थोड्याच वेळात त्यांचा हात कानाकडे जायचा. मशीन बाहेर, डबीत, डबीचं झाकण बंद. बायको बोलत असली की मशीन कानात. दूधवाला दारात उभा राहून रडगाणं गात असला तरी कानात. फक्त मी बोललो की डबी. एकुलता एक मुलगा आहे हो मी त्यांचा. त्या डबीचं झाकण बंद झाल्याचा आवाज मला झोपेतही ऐकू येत होता.

त्यातच विद्यापीठाच्या आमच्या विभागाने कार्यक्रम ठेवला. फिजिक्स शिकून पुढे काय करता येतं, हे आताच्या मुलांना जुन्या विद्यार्थ्यांनी सांगायचं. स्टेजवरच्या खुर्चीत कोण? ढब्बू. मला श्रोता म्हणून निमंत्रण. वर्गात पहिला आलेला माणूस खाली तिसऱ्या रांगेत, आणि शेजारी हट्टाने आलेले अप्पा, कानात मशीन घालून, माना डोलावत.

ढब्बू बोललाही छान. मेल्याला बोलायचं कुणी शिकवलं कोण जाणे. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मी पास झालो तो या माझ्या मित्राच्या जर्नलांवर. हा खरा स्कॉलर." कॉलेजात तो मला स्कॉलरच म्हणायचा. पोरं हसली, टाळ्या पडल्या. अप्पांनीही वाजवल्या. आता याला उपकार म्हणायचं की जखमेवर मीठ, तुम्हीच ठरवा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परतताना टॅक्सीत मी अप्पांना सगळं नीट समजावून सांगायला घेतलं. तो कसा नापास व्हायचा राहिला, कुणाकुणाच्या पाया पडला, वगैरे. माझं पहिलंच वाक्य संपायच्या आत अप्पांनी मशीन काढलं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशीन जुळवलं ते बायकोच्या आवाजावर! तिचा आवाज बारीक, माझा खर्जातला. रस्त्याची, पंख्याची घरघर कापायला ढब्बूने खालचे सूर दाबले असणार, आणि त्यात माझा आवाजही कापला गेला. अप्पांना मी म्हणजे नुसती घरघर ऐकू येत असणार. म्हणून काढतात! चूक ढब्बूची. ढोबळ, पहिल्या वर्षाच्या पोराने करावी तशी. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी अप्पांना घेऊन त्याच्या दुकानात गेलो. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "ढब्बू, तुझ्या मशीनला माझा आवाज चालत नाही. तू खालचे सूर दाबलेस."

वाटलं, तोंड उतरेल. पण तो म्हणाला, "असेल रे, सांगता येत नाही. बरं झालं आलास. ये आत." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

फोमच्या खोलीत अप्पांना खुर्चीवर बसवलं, मला त्यांच्या पाठीमागे उभं केलं, हातात वर्तमानपत्र दिलं. मी वाचलं, अप्पांनी म्हटलं. ढब्बूने मला एक पाऊल मागे घेतलं. मी वाचलं, अप्पांनी म्हटलं. आवाज खाली आणायला सांगितला, पंखा लावला, दार उघडून रस्त्याचा गोंगाट आत घेतला. अप्पांचा एक शब्द चुकला नाही. उलट म्हणाले, "ही बातमी परवाची आहे. आजचा पेपर नाही का?"

"स्कॉलर, मशीन बरोबर आहे," ढब्बू म्हणाला.

"मग घरी मी बोललो की काढून का ठेवतात?" माझा आवाज चढला होता. "विचार ना त्यांना! सगळ्यांचं ऐकतात, माझं तेवढं नको!"

ढब्बू अप्पांच्या समोर गुडघ्यांवर बसला. "काय हो अप्पा?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "घरी हा सारखा तुझ्याबद्दलच बोलतो रे."

"माझ्याबद्दल? काय बोलतो?"

आता अप्पा सगळं सांगणार! मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"कौतुक," अप्पा म्हणाले. "रोज संध्याकाळी. ढब्बू असा आणि ढब्बू तसा. चांगलं असलं तरी तेच तेच किती ऐकायचं माणसाने?"

ढब्बू उठला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "अरे, आणि मला वाटायचं, तू माझ्यावर चिडलायस. फोन घेत नाहीस, दुकानात येत नाहीस..." मी आपला मान हलवत राहिलो. दुसरं काय करणार?

बाहेर फुटपाथवर आलो. बसथांब्याच्या बाकावर अप्पा टेकले.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"मग काय खरं सांगायला हवं होतं?"

मी बस येतेय का ते बघायला लागलो.

"ऐकू येत नव्हतं तेव्हा एक बरं होतं," अप्पा म्हणाले. ते चिडलेले नव्हते, तेच वाईट. "तुझे ओठ हलताना दिसायचे. वाटायचं, कामावरचं काही सांगतोय, घरातलं सांगतोय. आपल्याला ऐकू येत नाही, आपलं नशीब. मशीन लावलं ते तेवढ्यासाठी. पहिल्या संध्याकाळी तू समोर येऊन बसलास, मी कान टवकारून बसलो. आणि तू काय बोललास? ढब्बूने तुझी जर्नलं उतरवली. दुसऱ्या दिवशी तेच. अरे, तू दिवसभर त्या खोलीत करतोस काय, हे मला अजून माहीत नाही."

बस आली आणि निघून गेली. आमची नव्हती.

"आता कानात आहे," अप्पा म्हणाले. "बोल."

काही झालं तरी बाप समोर बसून वाट बघत होता. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. माझ्या टेबलावर आलेली मीटरं होती, डाफरणारी माणसं होती, सांगायला काय कमी होतं? मी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि म्हणालो, "त्या खोलीला त्याने जो फोम लावलाय ना अप्पा, तो काही खास नाही, साधा गादीतलाच..."

अप्पांचा हात कानाकडे गेला.

मी तो वरच्या वर धरला. "थांबा," म्हणालो. "थांबा ना जरा, सांगतो." हात घट्ट धरून तसाच उभा राहिलो. पण दुसरं काही तोंडातून येईना.