फिल्म थांबवणारी बाई

पाथर्डीजवळच्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवतो. युक्तिवाद कसा करतात हे कळावं म्हणून मुलांना अधूनमधून माहितीपट दाखवतो. त्या दिवशी ऊसतोड कामगारांवरचा लावला होता. निवेदन किती पटतं बघा, असं मीच आधी सांगून ठेवलं होतं.

कारकून जेवायला गेला होता, म्हणून मुलीचं नाव घालायला आलेली एक बाई मागच्या बाकावर टेकली होती. हातांवर उसाच्या पाचटाचे चरे, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

पडद्यावर एक कामगार बाई रडत होती आणि निवेदकाचा भारदस्त आवाज सांगत होता, "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच वाटत नाही."

"थांबवा ते," मागून आवाज आला. मी थांबवलं.

ती उभी होती. "गुरुजी, ती बाई कशापायी रडती? तिला काय इचारलं, ती काय बोलली, कायच ऐकू येत न्हाई. रडनं तिचं अन् बोलनं त्याचं."

"ताई, बनवणाऱ्याचा हेतू चांगला आहे."

"असंल. पन मी हितं कशाला आलेय, ते त्याला सांगा."

ती कचेरीकडे निघून गेली. वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीच्या घरातली, इतका वेळ मान खाली घालून बसलेली. मी फिल्म पहिल्यापासून लावली. दुसऱ्याच मिनिटाला, निवेदकाच्या एका वाक्यावर, पहिल्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, थांबवा. हे त्याला कुणी सांगितलं?"