सहा धावा उरल्या तेव्हा

श्रीवर्धनहून भावाने असोल्या, न सोललेल्या सुपारीची पिशवी पाठवली. ती उघडताच सालांचा तुरट, ओलसर वास आला आणि पांडूकाका आठवला.

तो आमच्या वाडीत सुपारी काढायचा. एकदा चढला की झाड झुलवत शेजारचं धरायचा, मध्ये खाली उतरायचाच नाही. त्या दुपारी मात्र तो एकाच शेंड्याला चिकटून राहिला. खाली मी रेडिओ घेऊन बसले होते. त्याचा लाडका फलंदाज एकटा झुंजत होता, समोरचे एकेक परतत होते.

"दोनदा झाड बदललं, दोनदा विकेट गेली," तो वरून ओरडला. "आता मी हलायचा न्हाय. तो हाय ना?"

"हाय!"

ऊन कललं. त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. सहा धावा उरल्या आणि तो फलंदाज बाद झाला. वरून पुन्हा तोच प्रश्न आला.

"हाय!" मी म्हणाले.

शेवटच्या जोडीने कशाबशा धावा काढल्या. पांडूकाका घामाने निथळत खाली आला. "त्यानंच मारला ना शेवटचा?" मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याला खरं कळलं असणारच. तरी पुढे कितीतरी वर्षं तो माझ्यासमोर सगळ्यांना सांगायचा, "पोरीनं न् मी मिळून टिकवला त्याला." तेव्हा मला वाटायचं, मीच त्याला फसवलंय.

पांडूकाका गेला. परवा टीव्हीवर तोच जुना सामना लागला होता. सहा धावा उरल्या, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

हाय, काका. अजून हाय.