वैशाखातला उतरलेला सूर

छप्पन्न साली लग्न होऊन मी पुसदला आले, तेव्हा सासरच्या बैठकीत पियानो होता. यवतमाळचा एक परदेशी कापूस-व्यापारी देश सोडून जाताना तो माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, देऊन गेला होता. त्याच्या मुलांना शिकवायला जाता जाता मामंजी तिथंच वाजवायला शिकले.

पावसाळ्यात पियानोची आतली लाकडी फळी फुगे, तारा ताणल्या जात आणि सूर माझ्या बाजाच्या पेटीच्या वर चढे. उन्हाळ्यात फळी आक्रसे नि सूर खाली येई. सूर लावणारा नागपूरहून यायचा तो दिवाळीनंतर, हवा ठरल्यावर. मग काही आठवडे मी पेटीवर आणि मामंजी पियानोवर, असे आम्ही एकत्र वाजवत असू. त्या दुपारी अजूनही मला पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येतात.

वैशाखात मामंजी पियानोजवळच्या खिडकीला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर पाणी शिंपडत राहत. खोलीत ओल असली की सूर फार उतरत नसे. घरात पडदा तेवढा एकच.

"माणसं भाजून राह्यली अन् लाकडाले गारवा," सासूबाई म्हणायच्या.

एका वैशाखात त्यांना ताप भरला, तो उतरेचना. मामंजींनी पडदा सोडला आणि सासूबाईंच्या खाटेजवळच्या खिडकीला बांधला. इकडे पियानो कोरडा पडत गेला. मी एकदा वाजवून पाहिला, तर पेटीपासून बराच उतरलेला, आणि मधले सूर आपसांतही फाटलेले.

ताप उतरला त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "वाजवत काहून नाही तुमी?"

"बेसूर झाला तो. पावसाळा येऊ दे," मामंजी म्हणाले.

"मले कुठं कळते सूर. वाजवा."

मामंजी बसले. जास्त फाटलेल्या पट्ट्या ते चुकवत होते, त्यामुळं गाण्यात जागोजाग मोकळ्या जागा पडत होत्या. अंगण अंधारत चाललं होतं, ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला होता. आणि अशाच एका मोकळ्या जागी, आतल्या खोलीतून सासूबाईंनी हलकेच सूर भरला. भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकून चाल त्यांना पाठ झाली होती. आम्हांला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मामंजींचे हात थबकले.

"थांबले कायले?" आतून आवाज आला.

ते पुन्हा वाजवू लागले. मला उठून दिवा लावावासा वाटेना. पुढं सासूबाई त्यांच्याबरोबर गुणगुणत असत, पियानो सुरात असो वा नसो.