तिने पाहिलेला फोटो

थंडीच्या दिवसांत बाई फोटो काखेत धरून उभ्या राहायच्या. तुम्हाला गंमत वाटेल, पण इन्स्टंट फिल्मला ऊब लागते. गारठ्यात चित्र नीट उमटत नाही. मग वरचा कागद सोलायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, कच्चा पाह्यल्याशिवाय पक्का नाई."

मी गडचिरोलीत पासपोर्ट फोटो काढतो. मला माडिया बोली येते, म्हणून भामरागडकडच्या गावांत जाताना त्या मला बरोबर घ्यायच्या. चंद्रपूरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला. भात्याचा मोठा कॅमेरा, डोक्यावर काळं कापड, आतल्या काचेवर सगळं चित्र उलटं. उजेड बरोबर आहे का ते आधी इन्स्टंट फिल्मवर बघायचं, मग मोठी निगेटिव्ह. एकदा कापडाखाली कोंबडी शिरली. मी हाकलायला गेलो तर बाई आतूनच म्हणाल्या, "राहू द्या. तिलेही गाव उलटं दिसू द्या."

एका गावात एक बाप आणि त्याची लहान मुलगी फोटोला उभी राहिली. कच्चा फोटो मुलीने हातात घेतला आणि स्वतःला बघून इतकी हसली, की कडेच्या बायकाही हसू लागल्या. बापाने तो मागितला. याहून मोठा, चांगला आणून देईन, असं बाईंनी माझ्याकडून सांगवलं. मुलीच्या हातून फोटो घेतला आणि नेहमीसारखे त्याच्यावरच पेनाने उजेडाचे आकडे लिहिले.

निगेटिव्ह सुरेख आली. नागपूरच्या प्रदर्शनात लोक त्या फोटोपुढे थांबत. गावाला द्यायची प्रत मात्र राहत गेली. आधी मनासारखा कागद मिळेना, मग पुराने रस्ता बंद झाला.

दिवाळीनंतर पोचलो तेव्हा मुलगी तापाने गेली होती. बाप रागावला नाही. त्याने मोठा फोटो बघितला, परत दिला आणि मला विचारलं, तिने हातात धरला होता तो कुठे आहे?

तो बाईंच्या पिशवीतच होता. मुलीच्या कपाळावर निळे आकडे. बाई ओल्या पदराने ते पुसू लागल्या, तर आकड्यांबरोबर चित्रातले केसही निघू लागले. बापाने त्यांचा हात धरला आणि फोटो तसाच घेतला.

परतताना जीप आलापल्लीला पोचली. बाई म्हणाल्या, "मोठा तिनं पाह्यलाच नाई, भाऊ. पाह्यला तो मी हिसकून घेतला." तुम्हाला काय ठाऊक होतं, असं मी म्हणालो.

"द्याले काई ठाऊक असा लागते काय?"

त्यानंतर कच्चा फोटो त्या समोरच्या माणसालाच देत आणि आकडे स्वतःच्या तळहातावर लिहीत. पुढे ती फिल्म निघायचीच बंद झाली. मुदत संपलेली खोकी त्या कुठून कुठून मागवत. तीही संपत आली.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्याआधी त्यांची शेवटची इन्स्टंट फिल्म सिरोंच्याला, गोदावरीकाठी मासे विकणाऱ्या एका म्हातारीसाठी खर्च झाली. चित्र तपकिरी, अर्धवट उमटलं. म्हातारी ते जवळ नेऊन, लांब धरून निरखत बसली. कॅमेऱ्यात कोरी निगेटिव्ह तयार होती, ऊनही छान कललं होतं. आता मोठा काढायचा ना, म्हणून मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि म्हातारीचं पाहून होईस्तोवर तिथेच उभ्या राहिल्या.