सांबार म्हटलं म्हणून

मंगरूळपीरच्या बाजारात सांबाराच्या जुड्या खपल्या नाहीत, की त्या दिवशी आमच्या घरी चूल थंडच राहायची. आजही ओल्या सांबाराचा वास आला की मला कॉलेजचा तो वर्ग आठवतो.

सरांनी एक कोरियन महाकाव्य मराठीतून वाचायला दिलं होतं. जपानी राजवटीनं गावाची जमीन घेतली, शाळेत मायबोली बंद केली. त्यातली एक बाई वाफ्यातल्या भाज्यांची नावं लपून आपल्या बोलीत घेते. वाचायची पाळी माझी होती. पुस्तकात कोथिंबीर होतं, माझ्या तोंडून सांबार निघालं.

"अवं, बाजार नाही हा! कोथिंबीर म्हण," कापड दुकानवाल्यांची शीतल म्हणाली. सारे हसले.

"कायले? आमच्या घरी सांबारच म्हणतेत," मी म्हटलं.

सरांनी पुस्तक शीतलकडे दिलं. तिनं शुद्ध, सफाईदार वाचलं, आणि मला हसलेला वर्ग त्या बाईसाठी रडला.

तेव्हा मी शीतलवर जळले. आता त्या कोरियन बाईवर जळते. तिच्या हिरावलेल्या शब्दांसाठी कुणीतरी अख्खं महाकाव्य लिहिलं. आमचे तर आम्हीच हसून घालवले.

शेवटी शीतलसारखं बोलायला शिकून मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.