चिमूटभर ग्लुकोज

ऐंशीच्या सुमाराला मी नाशिकच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकत होते. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल साधं होतं. जिवाणूंना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, द्यायची. ती पचवणारं एन्झाइम त्यांनी बनवलं, की तपासणीची नळी पिवळी होणार. पण मी निफाडची, आमच्याकडे पाहुण्याला एका पदार्थावर भागवत नाहीत. उपाशी जीव काम काय करणार, म्हणून मी गुपचूप चिमूटभर ग्लुकोजही घातलं.

सगळ्यांच्या नळ्या पिवळ्या, माझी पाण्यासारखी! भीतभीत सरांना खरं सांगितलं, तर ते टेबलावर थाप मारून हसले. "आयतं ग्लुकोज असताना ते लॅक्टोजचा जीन चालू कशाला करतील? थांब, संपू दे."

मी जेवायलाही गेले नाही. दर अर्ध्या तासाने थोडे जिवाणू काढून तपासत राहिले. चारच्या सुमाराला नळी पिवळी झाली, पिकल्या लिंबासारखी! मी उडीच मारली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला कळलं होतं, की आयतं संपलं, आता आपलं आपण बघायचं.

रविवारी घरी जाऊन हे सगळं हातवारे करत आईला सांगितलं. ती रोज सकाळच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, माझा जेवणाचा डबा होस्टेलला धाडायची.

"मंग तुझा डबा बंदच करायला पाहिजे," ती म्हणाली.

मी खूप हसले.

सोमवारी डबा आला नाही. गुरुवारी मला पिठलं येत होतं.